स्टाफरूम बंद पडली तेव्हा

दिवाळी अंकाच्या संपादकीयात दिव्यांविषयी दोन ओळी लिहायची रीत आहे. यंदा त्या वाचकांनी गृहीत धराव्यात. अंकाचा विशेष विभाग शिक्षकांच्या मनाविषयी आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे सगळीकडून ऐकू येऊ लागले. शिक्षणाचे काय झाले यावर पुष्कळ बोलून झाले. गुरुजींचे काय झाले? कुणी तपासणी नाक्यावर उभे होते, कुणी रेशन दुकानापुढची रांग सांभाळत होते, कुणी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात दारोदार फिरत होते. विनाअनुदानित शाळांत तर अनेकांचा पगारच अर्ध्यावर आला किंवा थांबला. त्याच वर्षी डिसेंबरात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, महाराष्ट्र हरखला. हरखावे असेच ते होते. बाकीच्यांची विचारपूस मात्र राहून गेली.

आमच्या मते, शिक्षकांनी त्या काळात गमावली ती स्टाफरूम. मधल्या सुट्टीतला अर्धा कप चहा, मुख्याध्यापकांची नक्कल, ‘सातवी ब’च्या नावाने बोटे मोडणे, निवृत्तीला आलेल्या बाईंनी नव्या मास्तरांना दिलेला धीर. याला समुपदेशन कुणी म्हणत नसे, काम मात्र तेच होई. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘मनोदर्पण’ हा फोनवरून मानसिक आधार देणारा उपक्रम सुरू केला, त्यात शिक्षकांचाही विचार होता. चांगलेच झाले. पण ‘झोप लागत नाही हो’ हे अनोळखी माणसाला फोनवर सांगणे आपल्याकडच्या मास्तरांना जड जाते. शेजारच्या खुर्चीला ते सहज सांगतात.

खुर्ची गेली आणि व्हॉट्सअॅप ग्रुप आला. त्यात साहेब असतात, मग कुरकुर कुठे करणार? तिथे लिंक, फोटो आणि ‘आजच माहिती भरा’. साथ ओसरली, शाळा भरल्या. रात्री दहाला माहिती मागायची सवय तेवढी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांनी आंदोलन म्हणून प्रशासकीय ग्रुप सोडले. वाद संचमान्यतेचा, म्हणजे शाळेतील शिक्षकांची पदे ठरवण्याचा, आणि कंत्राटी नेमणुकांचा होता, पण नेमके हेच हत्यार त्यांच्या हाताशी का आले, याचा विचार शिक्षण खात्याने जरूर करावा.

विशेष विभागातले काही लेख लेखकांच्या विनंतीवरून नावाविना छापले आहेत. सरकारविरुद्ध त्यांत अवाक्षर नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो, गोळ्या चालू आहेत, एवढेच त्यांनी लिहिले आहे.

– संपादक