बारशिंग्याची जोडी

जबलपूरच्या एखाद्या मराठी घरी दुपारच्या निवांत वेळी सेवानिवृत्त आजोबा भ्रमणध्वनीवर प्राण्यांच्या जोड्या लावत बसलेले दिसतात. सोळा पालथी पाने, आठ जोड्या. एका वेळी दोनच उलटायची, जुळली तर उघडी राहतात, न जुळल्यास पुन्हा पालथी. घड्याळाची घाई नाही, हरण्याची धास्ती नाही. धकाधकीच्या जीवनात असा विरंगुळा हवाच.

आक्षेप आहे तो अशा खेळांसोबत विकल्या जाणाऱ्या आश्वासनाला. मेंदूच्या खेळांनी वार्धक्यातील विसराळूपणा रोखता येतो, अशा जाहिरातींपायी अमेरिकेत ‘ल्युमॉसिटी’च्या चालकांना २०१६ साली वीस लाख डॉलर भरावे लागले. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले. सरावाने तोच खेळ सुधारतो. दैनंदिन व्यवहारातील स्मरणाला लाभ झाल्याचा पुरावा मात्र तोकडाच निघाला.

म्हणूनच सोळा पाने झरझर जुळवणारे आजोबा निवृत्तिवेतन काढले की नाही हेच वारंवार विसरू लागले, तर घरच्यांनी खेळातील गुणांवर विसंबू नये; वेळीच डॉक्टरांना दाखवावे.

खेळ मात्र सोडण्याचे कारण नाही. तो पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरही मांडता येतो, आणि मग पांडा-पेंग्विनऐवजी जवळच्या कान्हाचा बारशिंगा का नको? १९७० साली तेथे अवघे ६६ बारशिंगे उरले होते. संरक्षणामुळे तो कळप पुन्हा वाढला. ही हकिकत ऐकायला समोर नातवंड लागते. नातवंडे बहुधा जिंकतात, ते आजोबांनी मनाला लावून घेऊ नये.