उतरलेले झबले

लहान मुलांच्या कपड्यांइतकी अल्पायुषी वस्तू घरात दुसरी नसेल. आणि यात दोष कपड्यांचा नाही, मुलांचा आहे. जन्मताना पन्नासएक सेंटिमीटर लांब असणारे मूल पहिल्या वाढदिवसापर्यंत पंचाहत्तराच्या घरात जाते. मोठ्या माणसाने याच वेगाने वाढायचे मनावर घेतले, तर त्याचा शिंपी गाव सोडून जाईल! एका वर्षात चार मापे बदलतात. झबले फाटण्याआधीच आखूड होते.

आमच्या वडीलधाऱ्यांनी यावर एक उपाय काढला होता. शिंप्याला एवढेच सांगायचे, ‘वाढत्या अंगाचा शिवा हो!’ मग तो पोराच्या पुढच्या तीन वर्षांचा अंदाज बांधी आणि खाली चार बोटे दुमड ठेवी. पहिल्या वर्षी पोर त्या सदऱ्यात हरवून जाई, दुसऱ्या वर्षी सदरा अंगाबरोबर बसे, आणि तिसऱ्या वर्षी दुमड उसवली की विटलेल्या सदऱ्याला खाली कोऱ्या रंगाची पट्टी उमटे. त्या पट्टीवरून पोर किती वाढले ते साऱ्या आळीला कळत असे.

तान्ह्या मुलाला तर नवे कापड मुद्दाम लावीत नसत. आजोबांच्या जुन्या धोतराचे लंगोट, आजीच्या नऊवारीची दुपटी. धुऊन धुऊन मऊ झालेले सूत कोवळ्या कातडीला बोचत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. आणि ज्या घरी मुले धडधाकट, त्या घरचे एखादे झबले हटकून मागून आणीत. त्यात कमीपणा वाटत नसे. उलट झबल्याबरोबर त्या मुलाची प्रकृतीही आपल्याकडे येईल, अशी भाबडी आशा असे.

आता शिंप्याकडे जाणे मागे पडले आणि दुकान खिशात आले. मुलांच्या कपड्यांचे ‘फर्स्टक्राय’ हे मोठे नाव २०१० साली आपल्या पुण्यातच उदयास आले. पेणच्या किंवा रोह्याच्या आईला आता लेकराच्या फ्रॉकसाठी मुंबईची गाडी पकडावी लागत नाही, ही सोय मी नाकारणार नाही. पण सवलत नावाची जी चीज तेथे भेटते, तिची मला धास्ती वाटते. वर छापील किंमत, तिच्यावर आडवी रेघ, खाली निम्मी किंमत! ती वरची किंमत कोणी कधी मोजली होती की ती रेघ मारण्यापुरतीच छापली होती, हे कोण विचारतो? माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशाच सवलतीत नातवासाठी लोकरीचा कोट, टोपी आणि मोजे असा सरंजाम मागविला. रोह्यात! जेथे पौष महिन्यातही दुपारी पंखा लागतो, तेथे! तो कोट एकदाच अंगात चढला, फोटोपुरता, आणि नातू रडून लालबुंद झाला. पण निम्म्या किमतीत मिळाला याचे समाधान गृहस्थांच्या चेहऱ्यावरून अजून उतरलेले नाही.

त्याच फोनात दुसराही एक बाजार भरतो, आणि माझी ओढ त्याच्याकडे आहे. फेसबुकच्या बाजारात, ओएलएक्सवर, नाहीतर आयांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात वापरलेले कपडे विकावयास येतात. ‘दोनदाच घातलेला’, ‘डाग नाही’, ‘दीड वर्षाच्या मुलीला बसेल’. बोरन्हाणाचा काळा पोशाख घ्या. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत एक संध्याकाळ तो अंगावर चढतो, वर हलव्याचे दागिने येतात, डोक्यावरून बोरे-चुरमुरे ओततात आणि संपले. पुढच्या वर्षी तो बसत नाही. असा एक झगा पेणहून रोह्याला गेला, त्याची हकीकत मला ठाऊक आहे. एस.टी. स्टँडवर दोघी भेटल्या, पिशवी हातात गेली, पैसे फोनवरून गेले. देता देता घेणारीने हळूच विचारले, ‘बाळ बरं असतं ना हो?’ म्हणजे बाजार नवा झाला, प्रश्न आजीचाच राहिला!

परंतु जुन्या रीतीचे एवढे गोडवे गाऊन थांबलो, तर ती लबाडी होईल. उतरलेले कपडे नात्यातल्या नात्यात आडवे जात, हे खरे; पण ते खालीही उतरत. भांडी घासणाऱ्या बाईच्या पोराला मालकिणीच्या मुलाची चड्डी मिळे, आणि त्या चड्डीबरोबर वर्षभराचे मिंधेपण मिळे. मधल्या सुट्टीत मालकिणीचा मुलगा ‘ती माझी चड्डी आहे’ असे चारचौघांत ओरडे, ते वेगळेच.

अंगावरच्या कापडाचा मानाशी काय संबंध असतो, हे आमच्या जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हा, १९२७ सालच्या डिसेंबरात, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांच्या सभेत लुगडे कसे नेसावे आणि जात ओळखू आणणारे दागिने का टाकावेत, यावर बोलले होते. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. एवढ्या मोठ्या लढ्याच्या ऐन गर्दीत लुगड्याच्या नेसण्यावर बोलावेसे वाटणे, यातच सारे आले.

म्हणून वापरलेल्या फ्रॉकवर शंभर-सव्वाशे रुपये किंमत लिहिलेली पाहिली की मला बरे वाटते. काहींना तो कद्रूपणा वाटतो. ‘शंभर रुपयांनी काय माड्या बांधणार? देऊन टाकावे कुणा गरिबाला!’ असे एक बाई माझ्यादेखत म्हणाल्या. पण घेणाऱ्याला काय वाटते, हे त्यांनी विचारले नव्हते.

रोह्यात घरकाम करणाऱ्या एका बाईंना मालकिणीने मुलीचे कपडे गाठोडे बांधून देऊ केले. ‘नको ताई, आहेत घरी,’ म्हणून त्यांनी ते हसत परत केले. आठवड्याने त्यांनी थोरल्या मुलाच्या फोनवरून पेणच्या एका घरचा पिवळा फ्रॉक घेतला. सांगितले होते दीडशे. त्यांनी घासाघीस करून एकशे वीसवर आणला. घरी येऊन पाहतात तो मागचे एक बटण गायब. फुकट मिळालेल्या फ्रॉकची बटणे कोणी मोजीत नाही, यांनी मोजली. लगेच फोन लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ‘फोटोत चार होती, इथं तीनच आहेत. दहा रुपये कमी घ्या.’

पेणच्या बाईंनी दहा रुपये परत पाठविले, आणि बटण सापडले तर ठेवते म्हणाल्या.