निष्ठा बदलणारे आणि गाणारे

महाराष्ट्राच्या राजकारणात २०१९ ते २०२३ या काळात 'निष्ठा' या शब्दाची जेवढी परवड झाली, तेवढी क्वचितच झाली असेल. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी 'पहाटेचा शपथविधी' होऊन देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार सत्तेवर आले आणि चार दिवसांत पायउतार झाले. पाठोपाठ भाजपशी युती करून निवडणूक लढविलेली शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने सत्तारूढ झाली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडाने शिवसेना दुभंगली आणि २ जुलै २०२३ रोजी राष्ट्रवादीही त्याच वाटेने गेली. या प्रत्येक वळणावर कारण मात्र तत्त्वाचेच देण्यात आले. कधी राज्याचे स्थैर्य, कधी हिंदुत्व, तर कधी विकास!

याच काळात, एप्रिल २०२३ मध्ये, छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुण रॅपरवर अंबरनाथ येथे गुन्हा दाखल झाला. पक्षांतराच्या राजकारणावर त्याने गाणे रचले होते. मुंबईतील आणखी एका रॅपरलाही त्याच सुमारास पोलिस कारवाईला सामोरे जावे लागले. ज्यांनी पक्ष बदलले ते मंत्रालयात आणि ज्यांनी त्यावर गाणे केले ते पोलिस ठाण्यात, असे हे विसंगत चित्र होते. गायकांनी राजकारणावर बोलावे काय, हा जुना प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला.

वस्तुतः महाराष्ट्राला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या शाहिरांच्या डफाने संयुक्त महाराष्ट्राचा लढा गावोगाव पोहोचविला. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले, त्यात या शाहिरीचा वाटा सर्वच पक्ष मान्य करतात. प्रचाराच्या काळात तर गाण्यावाचून कोणत्याही पक्षाचे पान हलत नाही. म्हणजे कलावंताने राजकारणावर गाण्यास कोणाचीच हरकत नसते. हरकत असते ती त्याने आपल्या विरोधात गाण्यास.

काही वेळा तर बोलण्याचीही गरज नसते; नकार पुरेसा ठरतो. आणीबाणीत सरकारी प्रचाराला सहकार्य करण्यास किशोरकुमार यांनी नकार दिला. मे १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. त्यांनी ना भाषण केले होते, ना सरकारविरोधी गाणे गायिले होते. तरीही ज्या माध्यमांवर गायकाची लोकप्रियता अवलंबून होती, ती माध्यमेच त्यांना बंद झाली. शहा आयोगापुढेही हे प्रकरण आले.

त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री होते विद्याचरण शुक्ल. त्यांचा पुढील प्रवास उद्बोधक आहे. ऐंशीच्या दशकात काँग्रेसपासून दूर होऊन ते विश्वनाथ प्रतापसिंह यांच्यासमवेत गेले. त्यानंतर चंद्रशेखर यांच्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले आणि पुढे नरसिंह राव यांच्या काँग्रेस सरकारातही मंत्री झाले. २००३ मध्ये छत्तीसगडमध्ये त्यांनी राष्ट्रवादीचा झेंडा हाती घेतला, २००४ मध्ये भाजपची उमेदवारी स्वीकारली आणि अखेर ते काँग्रेसमध्ये परतले. आणीबाणीत ज्या सरकारचे ते मंत्री होते, त्या सरकारने तुरुंगात डांबलेल्यांच्या पक्षातर्फेही त्यांनी निवडणूक लढविली. नकार देणाऱ्या गायकाला जी शिक्षा झाली, तिच्या तुलनेत या स्थित्यंतरांची किंमत काय होती?

अर्थात, कलावंत म्हणजे निष्ठेचा पुतळा, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. डाव्या विचारांच्या 'इप्टा'शी नाते असलेले भूपेन हजारिका १९६७ मध्ये अपक्ष आमदार म्हणून आसाम विधानसभेत गेले आणि २००४ मध्ये गुवाहाटीतून भाजपतर्फे लोकसभेची निवडणूक लढले. त्यात ते पराभूत झाले. सत्तेची मर्जी राखणारे गायकही प्रत्येक राजवटीत आढळतात. शिवाय गोड गळा म्हणजे राजकीय जाण नव्हे, हा आक्षेपही निराधार नाही. मते बदलणे हा गुन्हा नव्हे. अनुभवाने मत बदलणे हे तर जिवंत मनाचे लक्षण होय.

तथापि, दोघांत एक मूलभूत फरक उरतो. कलावंताला कोणी निवडून दिलेले नसते. तो मत बदलतो तेव्हा स्वतःचे मत बदलतो. लोकप्रतिनिधी पक्ष बदलतो तेव्हा लाखो मतदारांनी दिलेला कौल तो परस्पर दुसऱ्याच्या पदरात टाकतो. हे रोखण्यासाठी १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. एक-तृतीयांश आमदार फुटले तर त्याला मान्यता देणारी पळवाट २००३ मधील ९१ व्या घटनादुरुस्तीने बंद केली. दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट मात्र खुली राहिली. एकट्याने केले तर पक्षांतर आणि गटाने केले तर विलीनीकरण, असा हा हिशेब आहे. कायदा डोकी मोजतो. कारण खरे की सोयीचे, हे ठरविणे त्याच्या कक्षेत येत नाही.

तो निवाडा मतदाराला करावा लागतो, पण त्याची संधी पाच वर्षांनी येते. तोवर कालचे शब्द विस्मरणात जावेत, अशीच पक्ष बदलणाऱ्याची अपेक्षा असते. गाण्याची अडचण नेमकी येथे होते. भाषण विसरले जाते, गाणे मात्र तोंडी बसते आणि नेत्याने टाकून दिलेला शब्द लोकांच्या ओठांवर टिकवून ठेवते. त्यामुळे गायकाने बोलावे काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी स्वतःच्या जुन्या भाषणांचे उत्तर द्यावे, अशी अपेक्षा मतदाराने बाळगली तर ती गैर म्हणता येणार नाही.