व्यंगचित्रकारांचा गौरव आणि आपला विवेक



आयुष्यभर कुंचला झिजविणाऱ्या व्यंगचित्रकारांचा राष्ट्राने गौरव करावा, ही योग्य गोष्ट होय. शंकर पिल्लै यांना १९५६ साली पद्मश्री, १९६६ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. आर. के. लक्ष्मण यांना १९८४ साली मॅगसेसे पुरस्कार आणि २००५ साली पद्मविभूषण लाभले. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे गेल्यास वरळीच्या समुद्रतटी त्यांचा 'सामान्य माणूस' पुतळ्याच्या रूपाने उभा आहे. ज्याने उभ्या हयातीत तोंडातून शब्द काढला नाही, त्याचाही पुतळा झाला!

परंतु ज्याचे काम सत्ताधाऱ्यांना चिमटा काढण्याचे, त्याच्या गळ्यात सत्तेनेच पदक घालावे, हा प्रकार विचार करावयास लावणारा आहे. घटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, मात्र ते नावामागे-नावापुढे लावता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. याचा अर्थ स्पष्ट आहे. गौरव कामाचा होतो. त्याने कोणी माणूस टीकेच्या पलीकडे जात नाही. हा नियम गौरविलेल्या व्यंगचित्रकारालाही लागू आहे.

तो लागू करण्याची वेळ आपल्यावर आलेली आहे. १९४९ साली शंकर यांनी घटनारूपी गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू, असे चित्र काढले. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ते छापले गेले आणि मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. शासनाने चित्र काढून टाकण्याचे जाहीर केले, पुस्तकाच्या दोन्ही मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि त्यांपैकी एकाच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली.

आपल्या लोकांना झालेले दुःख खोटे नव्हते. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर खरोखर आसूड ओढले गेले, त्यांना कागदावरचा चाबूकही झोंबतो. १९३२ पासूनची बाबासाहेबांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे २०१९ साली उन्नमती श्यामसुंदर यांनी ग्रंथरूपाने एकत्र केली. ती पाहिली म्हणजे हे हसू कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरुद्ध होते, ते उमगते. पुरस्कारांच्या सभेत हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आपण तो विचारलाच पाहिजे.

पण मोडतोड हे त्याचे उत्तर नव्हे. दिरंगाईच्या आरोपाला स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत उत्तर दिले. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले; इतर देशांना लागलेल्या कालावधीशी तुलना केली. त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध त्यांनी बजाविले. तो इशारा पाळणाऱ्या समाजाला व्यंगचित्रकाराची गरज अधिकच आहे.

शिवाय दंडुका एकदा उगारला की तो प्रथम दुर्बलाच्याच डोक्यावर पडतो. त्याच २०१२ च्या सप्टेंबरात असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकारास मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. हिंसेस चिथावणी असल्याविना ते कलम लावता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या प्रकरणात बजाविले. वृद्धाला शाल आणि तरुणाला बेडी, ही रीत जीवनगौरवाला शोभत नाही.

म्हणून, बंधुभगिनींनो, आमचे म्हणणे एवढेच आहे. सन्मान अवश्य करा, पण चित्र काढण्याचा हक्क आधी राखा. आक्षेपार्ह चित्राला लेखाने, भाषणाने आणि त्याहून सरस चित्राने उत्तर द्या. आपल्या मुलामुलींच्या हाती वहीबरोबर रंगपेटीही द्या. आजवर आपण इतरांच्या चित्रांत दिसलो. आता आपल्या डोळ्यांनी पाहिलेले जग आपल्याच हातांनी रेखाटले गेले पाहिजे. तसे चित्रकार आपल्या घरांतून निघतील आणि त्यांच्या टीकेतून आपले पुढारीही सुटणार नाहीत, तेव्हा तो खरा गौरव ठरेल.