हिरा सुरतेचा, दावा कोणत्या दारात?

सुरतेच्या महिधरपुरा किंवा वराछा भागातून पैलू पाडलेले हिरे अँटवर्पला उधारीवर जातात. मुदत टळते, पैसे येत नाहीत आणि व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो न्यायालयाचा. दावा सुरतेत लावायचा की बेल्जियममध्ये?

युरोपपुरते याचे उत्तर १९६८ च्या ब्रुसेल्स करारापासून घडत आले आहे. प्रतिवादी जिथे राहतो तिथेच त्याच्यावर दावा, हे त्याचे मूळ सूत्र. १० जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित नियमावलीने एका सदस्य देशातील निकाल दुसऱ्या देशात बजावण्यासाठी लागणारी वेगळी मंजुरी रद्द केली. करारात ठरलेल्या न्यायालयालाही अग्रक्रम मिळाला. त्यापूर्वी कारवाई लांबवू पाहणारा देणेकरी आधीच एखाद्या संथ न्यायालयात, बहुधा इटलीत, दावा लावून मोकळा होई.

अँटवर्पच्या देणेकऱ्याविरुद्ध सुरतेचा व्यापारी या सूत्राचा आधार घेऊ शकतो. त्यासाठी त्याने युरोपीय असण्याची अट नाही. खरी अडचण उलट बाजूची आहे. प्रतिवादी सुरतेचा असेल, तर त्याच्यावर अधिकार कोणाचा हे सर्वसाधारणपणे त्या त्या देशाचा स्वतःचा कायदा ठरवतो. फ्रान्समध्ये वादी फ्रेंच नागरिक असला तरी तेवढ्यावर तिथल्या न्यायालयाला अधिकार मिळू शकतो. असा निकाल पुढे संघातील इतर देशांतही चालतो, म्हणजे सुरतकराची जर्मनीतील येणी त्यात अडकू शकतात. संघाबाहेरील प्रतिवादींनाही समान नियम लावावेत, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०१० मध्ये मांडला होता. सदस्य देशांनी तो बव्हंशी स्वीकारला नाही. आपल्या नागरिकांना परस्परांच्या अशा अधिकारांपासून वाचवायचे आणि परक्यांना मात्र त्यांच्या कक्षेत ठेवायचे, हा दुजाभाव आजही कायम आहे.

दिलासा आहे तो मर्यादित. सुरतेत आधीच खटला सुरू असेल, तर युरोपीय न्यायालय काही अटींवर आपले कामकाज थांबवू शकते. करारात सदस्य देशातील न्यायालय नमूद असेल, तर पक्षकार कुठलेही असोत, ती निवड मानली जाते. पण हिऱ्यांचा सौदा ‘मझल’ या एका शब्दावर पक्का होण्याची रीत आहे. तिथे अशी अट लिहून घेण्याचे भान कितीजण ठेवतात?

भारताची बाजूही फारशी भक्कम नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ नुसार केवळ अधिसूचित प्रदेशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे येथे थेट बजावता येतात. ब्रिटन त्या यादीत आहे, संयुक्त अरब अमिरातीही २०२० मध्ये आली; युरोपीय संघाचा एकही सदस्य नाही. पोर्तुगालही नाही, हे गोमंतकीय निर्यातदारांनी ध्यानात घ्यावे. (वारसा आणि विवाहाचे वाद मात्र या युरोपीय नियमावलीच्या कक्षेतच येत नाहीत.) बेल्जियमच्या निकालाच्या आधारे सुरतेत नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या आत, आणि कलम १३ चे आक्षेप पुन्हा ऐकून घ्यावे लागतात.

परदेशी निकालांना मान्यता देणारा २०१९ चा हेग करार सप्टेंबर २०२३ पासून युरोपीय संघात लागू आहे. भारत हेग परिषदेचा सदस्य असूनही त्यात सामील झालेला नाही. तोवर सुरतकराला लवादाचाच मार्ग सोयीचा: भारत आणि बेल्जियम दोघेही १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे पक्षकार असल्याने अँटवर्पचा निवाडा येथे १९९६ च्या लवाद कायद्याखाली बजावता येतो.