पोरांचेही ऐकावे!

आपल्या जुन्या मराठी घरांत सावलीचे नाव निघते ते पिलाजीराव गायकवाडांच्या आठवणीने. १७३२ साली डाकोर येथे त्यांचा दगा करून खून झाला आणि त्यांचा अंत्यसंस्कार सावलीस झाला. मला मात्र आज सावलीची आठवण होते ती तेथल्या पाटी-दप्तरवाल्या पोरांसाठी.

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. सावली बडोदे प्रांतातली, म्हणून तीही त्यात आली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. अशा रीतीने मूल शाळेत आले खरे. पण तेथे आल्यावर त्याचे ऐकावयाचे कोणी, हा प्रश्न मागेच राहिला.

आता गुजरातेतील पुष्कळ प्राथमिक शाळांतून ‘बालसंसद’ भरते. मुले मत देतात, कोणी मुख्यमंत्री होतो, कोणी सफाईमंत्री. हे पाहून कोणाही आजोबांस कौतुक वाटेल, मलाही वाटते. परंतु निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून मंत्र्याचे काम काय? बहुधा रांगा लावणे, कागद वेचणे आणि बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे. ही तर जुनीच मॉनिटरगिरी झाली, फक्त छातीवर बिल्ला नवा!

मुलांजवळ सांगण्यासारखे काही नसते, असे थोडेच आहे? नळाची तोटी उंच असल्याने पहिलीतल्या मुलाचा हात पोचत नाही. मुलींच्या संडासाला कडी नसते. मधल्या सुट्टीच्या जेवणात धाकट्यांचा नंबर लागेपर्यंत भाजी संपते. या गोष्टी तपासनीस साहेबांच्या भेटीत दिसत नाहीत. त्या पोरांनाच ठाऊक असतात.

‘मोठ्यांपुढे बोलू नये’ हे वळण आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यातला विनय मलाही प्रिय आहे. पण विनय म्हणजे मुकेपणा नव्हे. ज्या मुलाला तहान लागल्याचे सांगण्याची भीती वाटते, ते मूल अंगावर कोणी हात टाकला तर कोणास सांगणार?

शिस्त बिघडेल, अशी शंका काही शिक्षक काढतात. वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक यांनी १९१२ साली उघडलेल्या अनाथगृहात मुलांचे न्यायालय चाले, आणि त्यापुढे खुद्द कोर्चाकांनाही उभे राहावे लागले. त्याने त्यांचा मान गेला नाही. इतके दूर कशाला? भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले आणि पुढे आपल्या ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. छडीवाचून मुले कशी वागतात, हे त्या दोघांनी दाखवून दिले. मुलाचे मत ऐकून घेणे हा त्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारात म्हटले आहे, आणि भारताने तो १९९२ साली मान्य केला आहे.

माझी मागणी मोठी नाही. महिन्यातून एकदा सभा भरावी. प्रत्येक इयत्तेतून एक मुलगा व एक मुलगी आळीपाळीने यावी, म्हणजे धीट मुलांचीच मक्तेदारी होणार नाही. गुरुजींनी बसावे, पण शेवटी बोलावे. मुलांचे म्हणणे वहीत लिहावे आणि पुढच्या सभेत मुख्याध्यापकांनी त्याचे उत्तर द्यावे. नकार असला तरी चालेल, मात्र कारण सांगावे. परीक्षा आणि शिक्षकांच्या नेमणुका हा मुलांचा प्रांत नव्हे. पाणी, खेळ, जेवण, वाचनाची पुस्तके एवढा त्यांचा प्रांत पुरे.

आपल्यापैकी पुष्कळांची नातवंडे प्राथमिक शाळेत आहेत. सावलीत असोत वा बडोद्यात, पुढच्या वेळी शाळेत गेलात तर मुख्यमंत्री कोण झाला हे विचारू नका. ती वही दाखवा म्हणावे, आणि शेवटच्या तक्रारीचे काय झाले, तेवढे विचारावे.