तक्त्यात न मावणारा जीव

एक तक्ता आहे, तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. डावीकडे हिरव्या अक्षरांत तीन शब्द: नफ्स-ए-अम्मारा, नफ्स-ए-लव्वामा, नफ्स-ए-मुतमइन्ना. उजवीकडे इड, इगो, सुपरइगो. मधे तीन बाण. आणि खाली ठसठशीत ओळ, की फ्रॉइडला विसाव्या शतकात जे कळलं ते आम्हाला चौदाशे वर्षांपासून ठाऊक होतं. कधी हा तक्ता पोस्ट म्हणून येतो, कधी रील म्हणून, मागे बासरी वाजत असते.

तक्ता नुसता चुकीचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. फोनवर रोज इतकं चुकीचं येतं, कुठे कुठे भांडणार? पण माझ्या मावसबहिणीने त्या तक्त्यात स्वतःची जागा शोधली, म्हणून लिहिते आहे.

ती तेव्हा बावीस वर्षांची होती. पहाटेच्या नमाजासाठी वजू करायला न्हाणीघरात जायची आणि तास-दीड तास बाहेर यायची नाही. कोपरापर्यंत पाणी पोचलं का? चेहरा तीनदा धुतला की दोनदाच? मग पुन्हा पहिल्यापासून. सूर्य वर यायचा, नमाज कजा व्हायची, ती रडत बसायची. हातांची सालं निघाली होती. घरातले मोठे म्हणाले, वसवसा आहे, ईमान कमजोर पडलंय, जास्त तिलावत कर. शेवटी एका समुपदेशकांकडे नेलं. त्यांनी दुसऱ्याच भेटीत निकाल दिला, की हा सगळा धर्माचा दट्ट्या आहे, नमाज काही दिवस सोडून बघ. तिने तिथे जाणं सोडलं. मग एका रात्री तो तक्ता मला पाठवून तिने लिहिलं, "आपा, मी पहिल्या ओळीतली आहे. अम्मारा."

अम्मारा म्हणजे वाईटाकडे ओढणारा नफ्स. वजूचं पाणी नीट लागलं की नाही या धास्तीने हात सोलून घेणारी मुलगी स्वतःला सर्वांत खालच्या पायरीवर बसवत होती, आणि इस्लाम व विज्ञान दोघांचीही त्यावर सही आहे असं तो तक्ता तिला सांगत होता.

तेव्हा तक्त्याची एकेक ओळ तपासू.

आधी शब्द. नफ्सचं मराठी आपण सर्रास 'आत्मा' असं करतो. माझ्या मते 'जीव' जास्त जवळचा आहे. जीव लावतो, जीव टाकतो, जीव तुटतो, जीव नकोसा होतो, जीव जातो. नफ्सही असाच आहे. अरबीत श्वासासाठी असलेला 'नफस' हा शब्द त्याच धातूतला. कुरआनात नफ्स म्हणजे कधी माणूस, कधी 'स्वतः', कधी आतली ओढ. आणि मरणाची चव प्रत्येक नफ्सला घ्यायची आहे. रूह वेगळी. रूहविषयी लोक विचारतात तेव्हा सूरह बनी इस्राईलमधलं उत्तर थोडक्यात असं, की ती माझ्या रबच्या हुकमातली गोष्ट आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलं गेलंय. म्हणजे या परंपरेने एक दार मुद्दाम बंद ठेवलं आहे. तक्त्यात रूहला रकानाच नाही, कारण समोर लिहायला फ्रॉइडकडे काही नाही. इथेच पहिला बाण निसटतो.

आता फ्रॉइडचे शब्द. इड, इगो, सुपरइगो हे शब्द फ्रॉइडने वापरलेच नव्हते. १९२३च्या पुस्तकात त्याने साधे जर्मन शब्द घेतले: एस, इश, यूबर-इश. मराठीत सांगायचं तर 'ते', 'मी' आणि 'वरचा मी'. लॅटिन वेष चढवला तो इंग्रजी अनुवादाने, जेम्स स्ट्रेची आणि मंडळींनी. आपण फ्रॉइड इंग्रजीतून वाचतो, म्हणून तो आपल्याला दवाखान्यातल्या पाटीसारखा वाटतो. खरं तर तो 'झेले' हा शब्द सहज वापरायचा. घरगुती जर्मनमध्ये त्याचा अर्थ जीव, आत्मा असाच आहे.

'ते' आणि अम्मारा एक का नाहीत? फ्रॉइडच्या 'ते'ला चांगलं-वाईट कळत नाही, काळ कळत नाही, 'नाही' हा शब्दच कळत नाही. ते माझ्या घरातलं अनोळखी बिऱ्हाड आहे. अम्मारा मात्र सूरह यूसुफमध्ये येतो तो कबुलीजबाबात. बोलणारं माणूस स्वतःचा नफ्स निर्दोष असल्याचा दावा सोडून देतं. हे बोल यूसुफचे की अजीजच्या बायकोचे, यावर जुन्या भाष्यकारांत मतभेद आहेत. पण ते कुणाचेही असोत, तिथे 'मी' बोलतो आहे, जबाबदारी घेतो आहे. फ्रॉइडच्या 'ते'ला कबुली देता येत नाही. त्याच्या चुका स्वप्नांतून, जिभेच्या घसरण्यातून दुसऱ्या कुणीतरी वाचाव्या लागतात.

तिसरी ओळ तर सरळ उलटी आहे. मुतमइन्ना म्हणजे निवांत झालेला नफ्स. सूरह फज्रच्या शेवटी त्याला राजीखुशीने रबकडे परत बोलावलं जातं. आणि 'वरचा मी'? १९३०च्या पुस्तकात फ्रॉइडने त्याच्याबद्दल जे लिहिलं ते अंगावर काटा आणणारं आहे. माणूस जितका सज्जन, तितका हा आतला न्यायाधीश कठोर. त्याच्यापुढे केलेलं पाप आणि मनात आलेलं पाप यांत फरक नाही, दोन्हींची शिक्षा सारखीच. हा न्यायाधीश कुणाला निवांत कसा करेल? मुतमइन्नासमोर सुपरइगो लिहिणाऱ्याने दोनपैकी एकही पुस्तक उघडलेलं नाही, एवढंच मला त्यातून कळतं.

उरला लव्वामा, स्वतःला दोष देणारा. सूरह कियामहच्या सुरुवातीला त्याची शपथ घेतली आहे, म्हणजे त्याला मान आहे. तक्त्यात त्याच्यासमोर इगो. पण फ्रॉइडचा 'मी' दोष देत नाही, तो बिचारा खातो. एकीकडून 'ते' ढकलतंय, दुसरीकडून 'वरचा मी' ओरडतोय, समोर जग उभं आहे, आणि हा तिघांची मनधरणी करतो आहे.

शिवाय तिन्ही नफ्स हे तीन कप्पे नाहीतच. अनेक जुन्या विद्वानांच्या मते नफ्स एकच, त्याच्या अवस्था तीन. सकाळी लव्वामा असलेला माणूस संध्याकाळी अम्मारा होऊ शकतो. फ्रॉइड घराचा नकाशा काढतो, इथे वाटेचं वर्णन आहे. नकाशातली स्वयंपाकघराची खोली आणि वाटेवरचा तिसरा मैल यांच्यात बाण काढता येत नाही.

"आधी कोण?" हा प्रश्नही बघू. अबू हामिद अल-गजाली १०५८ साली तूसमध्ये जन्मला. 'इह्या उलूम अल-दीन'मधल्या हृदयावरच्या भागात तो नफ्स, रूह, कल्ब आणि अक्ल हे चार शब्द वेगळे करून दाखवतो. तिथेच त्याची एक उपमा आहे: बुद्धी म्हणजे शिकारीला निघालेला घोडेस्वार, वासना त्याचा घोडा, राग त्याचा कुत्रा. १९२३च्या पुस्तकात फ्रॉइडचाही घोडेस्वार आहे. झालं, म्हणाल, सापडला पुरावा! पण त्या दोघांच्याही कितीतरी आधी प्लेटोने दोन घोड्यांचा रथ हाकला होता आणि गजालीच्या काळापर्यंत ग्रीक विचार अरबीत मुरला होता. पहिलेपणाची शर्यत लावली तर आपणही हरतो.

दोन घोडेस्वारांत मला महत्त्वाचा वाटतो तो फरक. गजालीचा घोडा शिकवून तयार करायचा आहे, कारण स्वाराला कुठेतरी पोचायचं आहे. फ्रॉइडचा स्वार पुष्कळदा घोड्याला जिथे जायचंय तिथेच त्याला नेतो आणि निर्णय आपलाच होता असं मानतो. मला दोन्ही खरे वाटतात. मी रोज दोन्ही करते. पण ते एक नाहीत, आणि एक नाहीत म्हणूनच दोन्ही वाचायचे.

तक्ता बनवणाऱ्यांना हे नको असतं. त्यांना हवं असतं प्रमाणपत्र. गजालीला व्हिएन्नाच्या डॉक्टरने पास केलं की आपली मान ताठ! याला मी अभिमान म्हणणार नाही, हा न्यूनगंडच आहे. मलिक बद्री या सुदानी मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली मुस्लिम मानसशास्त्रज्ञांच्या पेचावर पुस्तक लिहून सुनावलं होतं, की पाश्चात्त्य सिद्धान्त न चावता गिळू नका. फ्रॉइडवर तर त्याने सडकून टीका केली. पण हाच बद्री वर्तनोपचार शिकलेला होता. उपचार सोडा असं तो म्हणत नव्हता, डोळे उघडे ठेवा म्हणत होता. आज त्याच्या टीकेचा पहिला भाग फॉरवर्ड होतो, दुसरा होत नाही.

इजिप्तमधल्या युसुफ मुरादने वेगळी वाट धरली. १९४५मध्ये त्याने मानसशास्त्राचं अरबी नियतकालिक काढलं. फ्रॉइडच्या 'अनकॉन्शस'साठी त्याने 'ला-शुऊर' हा शब्द रूढ केला, तो इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाकडून घेऊन. बाण न काढता त्याने शब्द उसना घेतला आणि दोन परंपरांना एकमेकींशी बोलायला लावलं. तुलना करायची तर अशी, कष्टाची.

दुसऱ्या बाजूलाही मी सोडणार नाही. १९०७च्या निबंधात फ्रॉइडने पछाडलेली कृत्यं आणि धार्मिक विधी शेजारी ठेवले. त्याची सूत्ररूप मांडणी अशी, की हा आजार म्हणजे एकट्याचा धर्म आणि धर्म म्हणजे सगळ्यांचा आजार. निबंध जबरदस्त आहे. पण त्याची शिळी आवृत्ती घेऊन कुणी दवाखान्यात बसलं, की वजू करणारी प्रत्येक मुलगी लक्षण होते. माझ्या बहिणीला नमाजाचा त्रास होत नव्हता. तिला नमाजापर्यंत पोचता येत नव्हतं. हा फरक ऐकायला पाच मिनिटं लागली असती.

आणि घरातले मोठे म्हणत होते ते तरी इस्लामी होतं का? अबू जैद अल-बल्खी ९३४ साली वारला. शरीर आणि नफ्स या दोघांच्या निगराणीवर त्याने पुस्तक लिहिलं. राग, भीती, दुःख यांच्यासोबत वसवशाला त्याने स्वतंत्र जागा दिली. नफ्सला होणारा त्रास म्हणून त्यावर उपाय सांगितले: एकटं राहू नका, रिकामं बसू नका, मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवा, जशी घरात औषधं ठेवतो. हदीसमध्ये तर याहून थेट गोष्ट आहे. काही सहाबी येऊन म्हणाले, की आमच्या मनात असे विचार येतात जे तोंडाने उच्चारणंही भयंकर वाटतं. पैगंबरांनी त्यांना झिडकारलं नाही. ही घालमेलच ईमानाची खूण आहे, असं सांगितलं. शिवाय मनात आलेलं जोवर बोललं वा केलं जात नाही तोवर ते माफ आहे, हेही सांगितलं. फिक्हचा नियम आहे, की शंकेने खात्री मोडत नाही.

हे 'वरच्या मी'च्या शेजारी ठेवून बघा. एकीकडे मनातल्या विचारालाही शिक्षा देणारा न्यायाधीश, ज्याचं वर्णन फ्रॉइडने बिनचूक केलं. दुसरीकडे विचारापुरता गुन्हा दाखलच करून न घेणारी परंपरा. माझ्या बहिणीच्या आत फ्रॉइडचा न्यायाधीश बसला होता आणि ती त्यालाच अल्लाहचा आवाज समजत होती. हे मला फक्त कुरआन वाचून कळलं नसतं, फक्त फ्रॉइड वाचूनही नाही. तुलनेचा उपयोग हा. तो तक्त्यात दिसत नाही, कारण तक्त्याला सारखेपणा हवा असतो आणि इथे कामाला आला तो फरक.

पुढे तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. निदान झालं: ओसीडी. औषधं सुरू झाली. सोबत जी थेरपी झाली तीही फ्रॉइडची नव्हती. घाण वाटली तरी पुन्हा धुवायचं नाही, अस्वस्थता वाढू द्यायची आणि ओसरेपर्यंत थांबायचं, असा तो सराव. एका मुफ्तींनाही विचारलं. ते म्हणाले, बेटा, तीनदा धुतलंस की नळ बंद कर. त्यानंतर आलेली शंका तुझ्या खात्यात नाही. थेरपिस्टने ते वाक्य तिला फोनमध्ये लिहून ठेवायला सांगितलं.

त्यावरून कुणी नवा तक्ता बनवू नका, की मुफ्ती म्हणजे थेरपिस्ट. मुफ्तींना तिची नमाज वाचवायची होती, थेरपिस्टना तिचा दिवस. दोघांनीही तिला कुठल्या ओळीत बसवलं नाही, एवढं मात्र सारखं होतं.

आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. आतल्या लढाईबद्दल बोलायला मराठीला कुणाचा बाण लागला नव्हता, आजही लागू नये. नफ्सबद्दल बोला, फ्रॉइडबद्दल बोला, भांडा. पण तो तक्ता पुढे ढकलायच्या आधी एवढं लक्षात ठेवा, की पलीकडे तो वाचणारं कुणीतरी पहाटे नळाखाली हात धरून उभं असेल.